विणकराच्या माथ्यावरचे छप्पर

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तहसिलीत आंधळगाव नावाचे जे कोसा विणणाऱ्यांचे गाव आहे, तेथील घरांचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते, ती ही की येथे घर हे निवासस्थान तर आहेच, परंतु परंपरेने तो कारखानाही आहे. नोकरदार माणूस सकाळी कचेरीत जातो आणि दिवे लागल्यावर परततो. दुपारी त्याच्या घराचे छप्पर किती तापले याची वार्ता त्याला फारशी नसते. विणकर मात्र वैशाखातल्या भर दुपारीही त्याच छपराखाली, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, मागावर बसलेला असतो. त्याच्यापुढे ताणलेला कोशाचा धागा अतिशुष्क हवेत ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यात आढ्यातून ठिबकलेले पाणी त्या ताण्यावर पडले तर कित्येक दिवसांच्या श्रमावर डाग पडतो. अशा माणसाने आपल्या माथ्यावर कवेलू घालावेत, टिन घालावे की स्लॅब ओतावा, हा प्रश्न त्याच्या आरोग्याचा आणि चरितार्थाचा आहे. आणि घर बांधताना आपल्याकडे सर्वात कमी विचार जर कशाचा होत असेल, तर तो याच गोष्टीचा होतो, असे मला वाटते.

या मुलखाचे आकाश कठोर आहे. फाल्गुन-चैत्रात, गहू-हरभरा काढणीला आलेला असताना, एखाद्या संध्याकाळी वाऱ्यासह गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत जो विध्वंस केला, त्याची आठवण शेतकऱ्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. पुढे मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नवतपा लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही वर चढतो. मृगाच्या आधी-मागे विजांच्या कडकडाटासह वावटळी येतात, आणि मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या सुमारे १३०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक सगळा पाऊस कोसळून जातो. पौषातल्या रात्री हेच आकाश दहा अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली, गारठते. ऊन, गार, वारा, पाणी आणि थंडी या पाचांना एकाच छपराने तोंड द्यायचे आहे. यांपैकी वारा आणि गारा वर्षातून काही घटकांपुरत्या येतात. ऊन मात्र फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत रोज येते. लोक छप्पर निवडतात ते वादळाच्या आणि गळतीच्या भयाने, आणि त्याच्याखाली राहतात मात्र उन्हाळ्यात. माझ्या मते या भागातील बहुतेक चुकीच्या निवडींचे मूळ या विसंगतीत आहे.

जुन्या काळी ही निवड करण्याचा प्रसंगच येत नसे, कारण जंगल आणि कुंभार यांनी ती करूनच ठेवलेली असे. हा जिल्हा मध्यप्रांतात असताना मालगुजारीची, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकाची, पद्धत होती, आणि गावकऱ्यांना मालगुजाराच्या जंगलातून बल्ल्या, बांबू, गवत व सरपण घेण्याचा जो हक्क असे त्याला निस्तार म्हणत. गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या दप्तरात, त्याची नोंद असे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, जंगले सरकारकडे गेली, आणि घर शाकारण्याचे साहित्य हळूहळू हक्काच्या सदरातून खरेदीच्या सदरात गेले. छपरांच्या इतिहासातील हे स्थित्यंतर बाजारात पहिला पत्रा आला त्याच्याहूनही अधिक निर्णायक होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या जुन्या छपराची रचना थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. लाकडी खांबांवर म्याल, म्यालीवर उभारलेले आढे, आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरलेले वासे, वाशांवर बांबूच्या कमच्यांची बांधणी, आणि त्यावर कवेलू. कुंभार चाकावर मातीची एका टोकाला किंचित निमुळती अशी नळी काढतो, ती ओली असतानाच लांबीच्या दिशेने चिरा देतो, आणि वाळल्यावर तिची दोन अर्धी करून आव्यात भाजतो. हा झाला देशी कवेलू. त्यांची एक ओळ उताणी आणि तिच्या दोन कडांवर दुसरी पालथी अशी मांडणी केली की पावसाचे पाणी उताण्या ओळीतून वळचणीकडे निघून जाते. एका थराच्या अशा छपराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७० किलो आणि दुहेरी थराचे सुमारे १२० किलो भरते. पण खरी खुबी त्या वजनात नाही, ती थरांमधील पोकळ्यांत आहे. दोन कवेलूंच्या मधली हवा आणि असंख्य फटींतून चालणारा वारा यांमुळे वरचे ऊन खाली पोचेपर्यंत पुष्कळसे विरून जाते. त्याखाली जर बांबूवर माती लिंपून केलेला माळा असेल, तर खालच्या खोलीला उन्हाची झळ फारच थोडी लागते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी १९३६ पासून राहिले त्या कुटी याच साहित्याच्या आहेत, आणि ज्यांनी उन्हाळ्यात बापूकुटीच्या आत पाऊल टाकले असेल त्यांना या रचनेची निराळी साक्ष देण्याची आवश्यकता नाही.

मग असे छप्पर गेले का? लोकांना त्याची पारख राहिली नाही म्हणून गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दरवर्षी मृगापूर्वी घर फेरावे लागते, म्हणजे सारे कवेलू उतरवून, फुटके वेचून, कचरा झाडून, पुन्हा ओळीने मांडावे लागतात. छपरावर न घसरता, कवेलू न फोडता बसून हे काम करणारी माणसे आता विरळ झाली आहेत. कुंभाराला माती मिळते तर जळण मिळत नाही. त्यात वानरांच्या टोळ्या! एका घराच्या आढ्यावरून दुसऱ्या घराच्या पाखीवर उडी घेणाऱ्या वानराने घटकाभरात इतके कवेलू फोडावेत की तेवढे पुन्हा मिळवण्यास हंगाम जावा, हा अनुभव पूर्व विदर्भातील कोणत्याही गावात ऐकायला मिळतो. गारांचीही गोष्ट तीच. सुपारीएवढी गार कवेलू सहन करतो, लिंबाएवढ्या गारेपुढे त्याचा इलाज चालत नाही. ज्या घरात एक म्हातारी आणि तिची सून एवढीच माणसे आहेत, त्यांनी टिन घातले तर त्यांना दोष कोणी द्यावा?

मधला एक मार्ग होता, आणि आहे, तो मंगलोरी कौलांचा. आपल्याकडे त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रात दाबून केलेली, एकमेकांच्या खाचांत अडकणारी ही चपटी कौले तेथून सर्व देशभर गेली. रिपांसह त्यांचे वजन चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते, ती वर्षानुवर्षे फेरावी लागत नाहीत, आणि तारेने किंवा खिळ्याने रिपांना जखडता येत असल्यामुळे वाऱ्याला व वानरांना देशी कवेलूंपेक्षा कमी दाद देतात. त्याच मापाचे काचेचे कौलही मिळते, आणि मागाच्या नेमके वर अशी दोन-चार कौले बसवली तर कोशाचा बारीक धागा पाहण्यासाठी भरदिवसा दिवा लावावा लागत नाही. त्यांना पाखीचा उतार मात्र चांगला हवा, तीस अंशांच्या जवळपास. उतार कमी ठेवला तर वाऱ्याने उलटे सरकलेले पाणी खाचांतून आत येते.

टिनाविषयी बोलताना प्रथम वाऱ्याचा हिशोब मांडला पाहिजे. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी जे भारतीय मानक आहे, त्यात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, असा धरलेला आहे. या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलोच्या भाराइतका होतो. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा तो छपराला खाली दाबण्याऐवजी वर ओढतो, आणि ही ओढ कडांशी व कोपऱ्यांशी सर्वाधिक असते. त्यातच दार-खिडकी उघडी राहून वारा आत शिरला, तर आतून रेटा आणि वरून ओढ यांचे बळ एक होते. आता पाहा, अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आतबाहेर असते. तेव्हा तो पत्रा छपरावर राहतो तो त्याच्या वजनाने नव्हे, केवळ त्याला मारलेल्या स्क्रूंच्या आणि हुकांच्या बळावर राहतो. कवेलूंच्या छपराला असंख्य फटी असल्यामुळे आतला दाब त्यांतून निघून जातो. कडेचे चार-पाचशे कवेलू ढासळतात, पण छप्पर जागेवर असते. टिनाचे छप्पर जाते तेव्हा बल्ल्यांसकट, सगळेच्या सगळे जाते, आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात शस्त्रासारखा येऊन पडतो. पत्र्यावर दगड-विटा ठेवण्याची जी सार्वत्रिक रीत आहे ती तर सर्वस्वी त्याज्य होय. ते वजन वादळाला पुरत नाही, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड घरातल्या माणसांच्या डोक्यावर येतात.

म्हणून टिन घालायचेच असेल तर पैसा पत्र्याइतकाच बांधणीवर खर्चावा. आधाराच्या पट्ट्या चार फुटांच्या आत असाव्यात. स्क्रू पन्हळीच्या खळग्यात न मारता उंचवट्यावर, रबराच्या चकतीसह मारावेत, आणि कडेच्या ओळींत ते अधिक दाट असावेत. पट्ट्या म्यालीला, म्याली खांबाला किंवा भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने जखडलेल्या असाव्यात, कारण साखळी तिच्या सर्वात कच्च्या कडीपाशी तुटते. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला अधिक टिकते. ओसरीचा पत्रा मूळ छपराशी सलग न ठेवता वेगळा बांधावा, म्हणजे उघड्या ओसरीखाली शिरलेल्या वाऱ्याने ती गेली तरी घरावरचे छप्पर तिच्यामागून जात नाही. पत्रा घेताना त्यावर छापलेली जाडी आणि जस्ताच्या थराची प्रत वाचून घ्यावी; हा थर दर चौरस मीटरला १२० ग्रॅमपासून २७५ ग्रॅमपर्यंत असतो, आणि गंज कधी धरणार हे बव्हंशी त्यावरच ठरते.

एवढे केल्याने टिन वादळात टिकेल, पण त्याच्याखाली माणूस टिकेल का, हा प्रश्न उरतोच. मे महिन्याच्या मध्यान्ही आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर हजार वॅटच्या नऊ शेगड्या पेटवून ठेवाव्यात तसा हा प्रकार आहे. पोलादाचा पातळ पत्रा ही उष्णता अडवत नाही. तो स्वतः तापतो, जुना गंजलेला असेल तर फारच तापतो, आणि त्याच्या खालच्या अंगाने ती थेट माणसाच्या डोक्याकडे व पाठीकडे फेकतो. अशा खोलीत पंखा फिरतो तो तापलेलाच वारा फिरवतो. रात्री पत्रा लवकर निवतो हे खरे, परंतु विणकराचे काम दिवसाचे आहे. यास्तव मागाच्या खोलीवर नुसते टिन घालणे हा मी सर्व पर्यायांतील सर्वात वाईट पर्याय मानतो. टिनाखाली वीतभर पोकळी सोडून बुरडाने विणलेल्या बांबूच्या तट्टीचे छत बांधावे, आढ्याशी व वळचणीशी गरम हवा निघून जाण्यास वाट ठेवावी, आणि पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा. या तीन उपायांनी त्या खोलीचे स्वरूप पालटते. चूल त्याच खोलीत असेल तर तट्टी तिच्यापासून दूर ठेवणे अवश्य आहे.

सिमेंटच्या पत्र्यांविषयी थोडक्यात, पण स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांपैकी पुष्कळांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि या तंतूंचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. छपरावर अखंड पडून असलेला पत्रा तितका धोक्याचा नाही. तो कापताना, भोक पाडताना, गारांनी फुटल्यावर त्याचे तुकडे झाडताना जी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते ती धोक्याची. जेथे गारपीट हा ऋतुक्रमाचाच भाग आहे, तेथे गारेने तडकणारा पत्रा निवडण्याचे कारण मला दिसत नाही. ज्यांच्या घरी तो आहेच, त्यांनी तुकडे उचलण्यापूर्वी ते पाण्याने भिजवावेत, तोंडावर ओला फडका बांधावा, आणि त्यांचा चुरा अंगणात भरणीसाठी वापरू नये.

स्लॅबकडे आता गावोगाव सर्वांचा ओढा आहे, आणि त्याची कारणे सबळ आहेत. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलो भरतो. त्याला वारा हलवत नाही, गार फोडत नाही, वानर उचकटत नाही. शासनाच्या घरकुलाचेही सामान्य स्वरूप तेच झाले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट मुलखातील लाभार्थ्यास १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचे घर अशी योजना ठरली. कुडाच्या झोपडीत गळक्या छपराखाली रात्री काढलेल्या कुटुंबाला त्यातून जे स्थैर्य मिळाले त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि तीन-चार तासांच्या विलंबाने ते खाली सोडू लागते. दुपारचे ऊन अशा रीतीने दिवेलागणीच्या वेळी खोलीत उतरते, आणि मध्यरात्रीपर्यंत छताला हात लावला तर ते कोमटच लागते. म्हणून वऱ्हाड-विदर्भात उन्हाळ्यात माणसे स्लॅबच्या खाली न झोपता स्लॅबच्या वर झोपतात. वृद्धांना, आजाऱ्यांना, बाळंतिणींना ते शक्य नसते, हे आपण विसरतो.

यावर उपाय स्वस्त आहे. पाण्याच्या उताराची नीट व्यवस्था करून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा आणि दर उन्हाळ्यापूर्वी त्याला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन शोषण्यापूर्वीच परतवतो, आणि घरातील तापमान त्यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरते असा सर्वसाधारण अनुभव सांगितला जातो. २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्म्यानंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्ध जी कृतियोजना आखली, तिच्या पुढील वर्षांत झोपडवस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम तेथे झाले. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ साली शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्या जिल्ह्याचे ऊन तेलंगणाच्या उन्हाहून सौम्य नाही. ग्रामपंचायतीने चैत्रात चुन्याची पोती वाटावीत, एवढी साधी गोष्ट कोणत्या ठरावाची वाट पाहत आहे, हे मला कळत नाही.

स्लॅब ओतण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करता येते. केरळात आयुष्य वेचलेले स्थापत्यकार लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या अंगाला, जेथे काँक्रीट केवळ ओझे म्हणून असते, तेथे सळ्यांच्या चौकटींत जुनी मंगलोरी कौले बसवण्याची रीत रूढ केली. त्यामुळे सिमेंट वाचते, वजन उतरते, आणि कौलांच्या जोडीत अडकलेली हवा उष्णतेच्या वाटेत उभी राहते. जुने घर पाडून नवे बांधणाऱ्याच्या अंगणात कौलांचा ढीग पडलेलाच असतो. तो फुकट देऊन टाकण्यापूर्वी त्याने या रीतीची माहिती असलेल्या अभियंत्याला अवश्य विचारावे. १९७६ साली डॉ. देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यास स्थापन केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने याहून एक पाऊल पुढे टाकले: कुंभाराने चाकावर काढलेल्या मातीच्या पोकळ, निमुळत्या नळ्या एकीत एक बसवून त्यांच्या कमानी करावयाच्या, आणि लोखंड व लाकूड यांच्यावाचून छप्पर उभे करावयाचे. चरितार्थ सुटत चाललेल्या कुंभाराला नवे काम, आणि घराला थंड छप्पर, असा हा दुहेरी लाभ आहे. विदर्भातच झालेला हा प्रयोग विदर्भातील घरकुलांत क्वचितच दिसावा, याचे मला दुःख वाटते.

तेव्हा आंधळगावच्या विणकराने काय करावे, असे कोणी मला विचारले, तर सबंध घरावर एकच छप्पर असावे हा आग्रह त्याने प्रथम सोडून द्यावा, असे मी सांगेन. धान्य, कागदपत्रे आणि विणलेले कापड ज्या खोलीत राहते, आणि वादळाच्या वेळी कुटुंबाने ज्या खोलीत आसरा घ्यायचा, त्या खोलीवर चुन्याने पांढरा केलेला स्लॅब असावा. मागाच्या खोलीवर मात्र जखडलेली मंगलोरी कौले असावीत, त्यांच्याखाली लाकडाचा किंवा बांबूचा माळा असावा, काचेच्या कौलांपुरती माळ्याला मोकळी जागा ठेवावी, आणि वळचण हात-सव्वा हात बाहेर काढून भिंतीपासून दूर पाणी नेणारी पन्हळ लावावी. खड्डामागाचा खड्डा हा घरातील सर्वात खोल भाग असल्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी मुरलेले पाणी पहिल्याने तेथे पाझरते, आणि एकदा खड्ड्यात ओल साचली की पावसाळाभर काम थांबते. कौलांना पैसा पुरत नसेल तर टिन चालेल, परंतु तट्टीच्या छताशिवाय नव्हे. आणि शासनाने घरकुलाच्या अनुदानात मागाच्या खोलीची गणना करावी, तिच्यावर कौले घालणाऱ्याला कच्च्या घराचा धनी समजू नये, ही मागणी विणकरांच्या सहकारी संस्थांनी पंचायत समितीपुढे नेटाने मांडली पाहिजे. घर मोडल्यानंतरची मदत किती तुटपुंजी असते हे पाहिले म्हणजे या मागणीचे महत्त्व अधिक पटते. आपत्ती मदतीच्या २०२२ मधील केंद्रीय निकषांप्रमाणे, निदान १५ टक्के पडझड झाली असेल तरच, पक्क्या घराला ६५०० आणि कच्च्या घराला ४००० रुपये ठरलेले होते. तलाठ्याचा पंचनामा त्याकरिता आवश्यक असतो, म्हणून पडलेले साहित्य हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

कामाचा हंगामही विचारपूर्वक निवडावा लागतो. स्लॅब दिवाळीनंतरच्या थंडीत ओतला तर त्याला पाणी पाजणे सोपे जाते आणि तो कमी तडकतो. कौलांचा सांगाडा माघाच्या आत, म्हणजे गारांचे दिवस येण्यापूर्वी, उभा राहून जखडला गेला पाहिजे. स्क्रू, हुक आणि रबराच्या चकत्या यांची तपासणी दरसाल नवतप्यापूर्वी उरकावी. मागावर ताणा चढलेला असताना वरचे छप्पर उघडता येत नाही, म्हणून मागाच्या खोलीचे काम, मजूर आणि सामान यांची जुळवाजुळव आधी करून ठेवून, एक ताणा विणून संपला आणि दुसरा अजून चढवायचा आहे अशा मधल्या दिवसांतच करून घ्यावे.